पहिल्या चित्रपटाआधीची वर्षं

झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्याचं उत्तर टोक. तालुका तलासरी, जिल्हा पालघर. बोर्डी मागे टाकून झाई आलं की थोड्याच अंतरावर राज्याची हद्द आहे आणि हद्दीपलीकडे गुजरातचं उंबरगाव. याच उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत रामानंद सागर यांनी ‘रामायण’ चित्रित केलं. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी देशातले रस्ते ओस पडायचे ते या मालिकेमुळे. अयोध्या, पंचवटी, लंका, सगळं झाईपासून काही किलोमीटरवर उभं राहिलं. लाकडाचे खांब, प्लॅस्टरचे महाल, दिव्यांचे ट्रक, वेशभूषेच्या पेट्या हा सारा पसारा या पट्ट्याने जवळून पाहिला.

झाईच्या स्वतःच्या गोष्टी मात्र पडद्यावर जवळजवळ आल्याच नाहीत, आणि या किनाऱ्यावर गोष्टींचा तोटा कधीच नव्हता. बोंबील वाळवणाऱ्या मांगेला समाजातल्या बाया आहेत. डहाणू-तलासरीतून गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे आदिवासी तरुण आहेत. सागरी हद्द ओलांडल्याच्या आरोपावरून त्यांतले काही पाकिस्तानच्या तुरुंगात अडकून पडतात आणि इकडे पाड्यावर त्यांची बायकापोरं एखाद्या पत्राची, यादीतल्या एखाद्या नावाची वाट पाहत राहतात. नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाने जमीन हादरू लागली, तेव्हा धुंदलवाडीच्या आसपासची कुटुंबं थंडीत घराबाहेर झोपत होती. आता याच किनाऱ्यावर वाढवण बंदराचं काम उभं राहतं आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली, प्रकल्पाचा खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये सांगितला जातो, आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे. यातली कुठलीही गोष्ट घ्या, तिच्यात एक पूर्ण चित्रपट आहे.

मग या किनाऱ्यावरच्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने ठरवलं, की आपल्या घराचा, आपल्या बोलीचा चित्रपट आपणच करायचा, तर त्याची वाट कुठून जाते? स्टुडिओ शेजारी असल्याने ती वाट सापडत नाही, हे चाळीस वर्षांनी पुरेसं स्पष्ट झालं आहे. ती कशाने सापडते, हे समजून घ्यायचं तर अलीकडे ही वाट चालून गेलेल्यांची सुरुवातीची वर्षं नीट पाहायला हवीत. चित्रपट गाजल्यानंतरचे हार-तुरे आपण सगळेच पाहतो. त्याआधीची, कुणी विचारत नसतानाची वर्षं हा या लेखाचा विषय आहे.

दहा दिवसांचं सुतक, नऊ वर्षांचा चित्रपट

जानेवारी २०२५ च्या अखेरीस अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला जागतिक कथापट विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. त्या महोत्सवात निवडला गेलेला हा पहिला मराठी कथापट. बातम्यांमधून ‘पदार्पणातच बाजी’ असं वाचायला मिळालं. पदार्पण हा शब्द अशा वेळी फार घाईचा ठरतो. या पदार्पणामागे दशकाहून जास्त काळ होता.

कानवडे मुंबईत एका खोलीच्या घरात वाढले. वडील ड्रायव्हर होते. त्यांनी चित्रपटाचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. शिक्षण आणि काम इंटिरिअर डिझाइनचं. चित्रपट ते पाहून आणि करून शिकले. २०१६ मध्ये वडील गेले आणि सुतकाच्या दिवसांसाठी त्यांना गावी जाऊन राहावं लागलं. घर नातेवाइकांनी भरलेलं. तिशीतला अविवाहित मुलगा समोर आला की प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय: लग्न कधी? कानवडे समलिंगी आहेत. आईवडिलांना ते ठाऊक होतं आणि त्यांनी मुलाला आपलंसं केलं होतं. गोतावळ्यापुढे मात्र ते सांगता येत नव्हतं. बाप गेल्याचं दुःख धड करू न देणाऱ्या त्या दिवसांत त्यांच्या मनात एक प्रश्न आला: इथे आपला कुणी सखा असता तर? या प्रश्नातून ‘साबर बोंडं’ची गोष्ट उगवली.

चित्रपटात आनंद हा मुंबईत नोकरी करणारा तरुण वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी येतो. सुतकाचे नियम, अनवाणी वावरणं, वडीलधाऱ्यांच्या सूचना, आणि लग्नाचा तगादा. तिथे त्याला बाल्या भेटतो. बालपणीचा ओळखीचा, शेतकऱ्याचा मुलगा, घरच्यांच्या स्थळांना कसंबसं टाळत राहिलेला. भूषण मनोज आणि सूरज सुमन यांनी या दोघांचं काम केलं आहे, आईच्या भूमिकेत जयश्री जगताप आहेत. साबराच्या बोंडांना बारीक कूस असते. ती नीट काढली नाही तर बोटांत आणि जिभेत रुतून बसते. सोललं की आत लालभडक, गोड गर. बाल्या आनंदसाठी ही बोंडं काटे काढून आणतो. दोघांमधलं प्रेम सांगायला दिग्दर्शकाला त्यापेक्षा मोठा संवाद लागत नाही.

विकास अर्स यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबलेला असतो. पार्श्वसंगीत नाही. भांड्यांचा, पाखरांचा, शेरड्यांचा आवाज येत राहतो आणि माणसं चौकटीत बसतात, उठतात, निघून जातात. मला या चौकटींमध्ये इंटिरिअर डिझाइनरची नजर दिसते. छोट्या खोलीत दहा माणसं असताना कोण कुठे बसतं, कुणाला भिंतीला टेकायला मिळतं, कोण दाराशी अवघडून उभं राहतं, याचा हिशेब एका खोलीच्या घरात वाढलेल्या माणसाला लहानपणापासून पाठ असतो. पुढे त्याच माणसाने जागा आखायचं काम केलं, तर तो हिशेब पक्का होतो. चित्रपटसंस्थेत न गेलेल्या माणसाला जगण्याने असं शिकवलेलं असतं. ते आपलं शिक्षण आहे हे ओळखायला मात्र वेळ लागतो.

२०१६ मध्ये सुचलेली गोष्ट २०२५ मध्ये पडद्यावर आली. मधली नऊ वर्षं फुकट गेली, असं म्हणणाऱ्याला चित्रपट कसा होतो हे कळलेलं नाही.

छोट्या फिल्मचं मोठं काम

‘साबर बोंडं’च्या आधी कानवडे यांनी लघुपट केले. ‘सुंदर’, ‘खिडकी’ आणि २०१९ चा ‘उ उषाचा’ ही त्यांतली नावं. ‘उ उषाचा’ची नायिका शेतमजुरी करणारी, मुलं एकटीने वाढवणारी, अक्षरओळख नसलेली बाई आहे. गावच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेकडे ती ओढली जाते, आणि त्या ओढीतून तिला लिहावाचायची इच्छा होते. प्रेम आणि पाटी-पेन्सिल एकाच गोष्टीत इतक्या सहज आणणं हे कसलेल्या लेखकाचं काम आहे. गावाकडची हवा, कमी बोलणारी माणसं, कुणाला सांगता न येणारी माया, हे सारं पुढे ‘साबर बोंडं’मध्ये आलं. त्याचा सराव इथे झाला होता.

या लघुपटाला मुंबईच्या ‘कशिश’ महोत्सवाच्या ‘क्यूदृष्टी’ योजनेतून अनुदान मिळालं होतं. चित्रपटाच्या बाजारात अशी रक्कम कुणाच्या खिजगणतीतही नसते. पण ती चित्रपट होण्याआधी मिळाली. संहिता वाचून, विश्वास ठेवून मिळाली. या लेखात मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ इथे आहे: स्वतंत्र दिग्दर्शकाला सगळ्यात जास्त गरज असते ती आधी मिळालेल्या हाताची.

पुढे व्हेनिस बिएनालेचा नवोदितांसाठीचा ‘कॉलेज सिनेमा’ उपक्रम आणि गोव्यातला एनएफडीसीचा फिल्म बाजार यांतून ‘साबर बोंडं’ची संहिता घडत गेली, पैसा उभा राहत गेला. नीरज चुरी निर्माते म्हणून सोबत राहिले. चित्रपट भारत, ब्रिटन आणि कॅनडा यांची सहनिर्मिती झाला. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला, तेव्हा नागराज मंजुळे, सई ताम्हणकर, विक्रमादित्य मोटवाने, निखिल अडवाणी ही मंडळी कार्यकारी निर्माते म्हणून पाठीशी उभी होती.

यात मंजुळे असणं स्वाभाविक आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा हा माणूसही ‘पिस्तुल्या’ या लघुपटातून आला. शाळेत जाऊ पाहणाऱ्या, चोर ठरवल्या गेलेल्या जमातीतल्या पोराची ती गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘फँड्री’ची वाट मोकळी झाली. २०१३ मध्ये ‘फँड्री’ आला, २०१६ मध्ये ‘सैराट’. ‘सैराट’चे कोटींचे आकडे आपल्याला तोंडपाठ आहेत. त्याच्या मुळाशी ‘पिस्तुल्या’ आहे याची आठवण कमी जणांना असते.

वाटाण्याचा अंकुर

छोट्या फिल्ममधून मोठ्या चित्रपटाकडे जायची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. खरं तर भारतीय चित्रपटाइतकीच जुनी. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनमध्ये कॅमेरा खरेदी करून परतले, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती आणि खिशात भांडवल नव्हतं. सावकार ‘हलती चित्रं’ या खुळावर पैसे लावायला तयार नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोखला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. महिन्याभराने फिल्म धुऊन दाखवली, तर दाणा फुटून, अंकुर वर येऊन, वेल होताना दिसला. बघता बघता रोप मोठं झालेलं पाहून पैसे देणाऱ्याचं मन वळलं. सरस्वतीबाईंनी आपले दागिने तारण म्हणून दिले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावात लोकांसमोर आला.

वाटाण्याचा तो तुकडा म्हणजे आपला पहिला लघुपट म्हणायला हरकत नाही. त्याने दोन कामं केली. माझ्याकडे सांगण्यासारखं काही आहे, हे इतरांना पटवलं. आणि मला हे यंत्र चालवता येतं, प्रकाश मोजता येतो, रोज त्याच वेळी त्याच जागी उभं राहायची चिकाटी माझ्यात आहे, हे स्वतः फाळक्यांनाही दाखवून दिलं. आजही लघुपटाचं काम हेच आहे. फरक एवढाच की आज वाटाणा पेरणारे हजारो आहेत आणि दागिने तारण ठेवणारी सरस्वतीबाई प्रत्येकाच्या घरी नसते. ती असावी अशी अपेक्षाही धरू नये. घरच्यांचं सौभाग्य गहाण टाकून कला उभी राहते ही गोष्ट ऐकायला मोठी वाटते, पण तिच्यामुळे गरीब घरातली मुलं या वाटेला लागतच नाहीत.

दरमहा मिळणारा वेळ

घरचं काही गहाण न टाकता चित्रपटासाठी वेळ कसा मिळू शकतो, यासाठी दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे यांचं उदाहरण फार बोलकं आहे. जन्म १९८७ चा, मुंबईचा. मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकत असतानाच, विशीच्या आत, त्यांनी दूरचित्रवाणी मालिकांसाठी लिहिण्याचं काम केलं. २००६ मध्ये हिंदी चित्रपटांतल्या उचलेगिरीवर ‘फोर स्टेप प्लॅन’ हा माहितीपट केला. मग एक नाटक लिहून बसवलं, ‘सिक्स स्ट्रँड्स’ हा लघुपट केला, तो परदेशी महोत्सवांत फिरला. वयाच्या तेविशीपर्यंत एवढं झालं, आणि तरी पुढे काय याचं उत्तर हाताशी नव्हतं. महोत्सवात टाळ्या मिळतात, पण घरी आल्यावर विजेचं बिल भरावंच लागतं.

त्यांच्या नाटकात काम केलेले विवेक गोम्बर यांनी त्या वेळी त्यांना दरमहा ठरावीक पैसे द्यायचं कबूल केलं, संहिता लिहून होईपर्यंत. ताम्हाणे यांनी तो काळ कनिष्ठ न्यायालयात बसून काढला. न्यायालय म्हटलं की हिंदी चित्रपटात जे दिसतं तसं तिथे काही नव्हतं. तारखा, कागद, उकाडा, कंटाळलेले कारकून, भाषा न कळल्याने गोंधळलेली माणसं. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स फंडाकडून संहितेसाठी अनुदान मिळालं. गोम्बर पुढे निर्माते झाले आणि त्यांनीच बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिका केली.

या संहितेतून झालेल्या ‘कोर्ट’ या चित्रपटात शाहीर नारायण कांबळेंच्या भूमिकेसाठी व्यावसायिक नट घेतला नाही. नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार यांनी ती केली. मॅनहोलमध्ये मेलेल्या सफाई कामगाराच्या विधवेची भूमिका करणाऱ्या उषा बाने यांनी तोच आघात प्रत्यक्ष सोसलेला होता. शाहिरीची बाजू संभाजी भगतांनी सांभाळली. अशी माणसं शोधायला, त्यांना कॅमेऱ्यासमोर अवघडलेपण वाटू नये इतकं रुळू द्यायला महिने लागतात. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील न्यायालयात कलमं वाचून दाखवते, मग लोकलने घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते. जिच्या युक्तिवादाने एक शाहीर तुरुंगात सडतो आहे, ती बाई आपल्याच इमारतीत राहणारी असू शकते, हे तिथे कळतं. एवढी नजर एका महिन्यात येत नाही. ती येण्यासाठी रिकामा वेळ लागतो आणि त्या वेळाचं भाडं कुणीतरी भरावं लागतं.

सप्टेंबर २०१४ मध्ये ‘कोर्ट’ला व्हेनिसमध्ये ओरिझोंती विभागाचा सर्वोत्तम चित्रपटाचा आणि पहिल्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्युचर’ असे दोन पुरस्कार मिळाले. पुढच्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं, आणि भारताने ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला. एका मित्राने दरमहा दिलेल्या पैशांचं हे फळ होतं.

आधी आणि नंतर

आता आपल्या व्यवस्थेकडे पाहू. महाराष्ट्र शासन दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. समिती चित्रपट पाहते, गुण देते, ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा ठरतो, त्यानुसार लाखांत रक्कम मिळते. योजना चांगली आहे, तिच्यामुळे कितीतरी निर्माते कर्जातून वर आले असतील. पण ती चित्रपट पूर्ण झाल्यानंतरची आहे. पुरस्कार नंतरचे, सत्कार नंतरचे, वर्तमानपत्रातले फोटो नंतरचे. ज्याच्याजवळ चित्रपट पूर्ण करण्याइतके पैसे, ओळखी आणि धीर आहे, त्यालाच या ‘नंतर’चा लाभ. तलासरीच्या पाड्यावरची मुलगी त्या दारापर्यंत पोहोचतच नाही.

आधी मिळालेला हात काय करू शकतो हे याच तालुक्यांनी एकदा पाहिलं आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी डहाणू तालुक्यातल्या गंजाडमध्ये आले. वारली बाया लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहायच्या. कुलकर्णींनी त्यांना कागद दिला, रंग दिले. जिव्या सोमा म्हसे तिथेच भेटले. त्यांनी लग्नाच्या चौकाबाहेरचं जग कागदावर आणलं: मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, धान्याचं खळं, तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर. पुढे ही चित्रं जगभर गेली, २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा वारली चित्र कुणाला समजावून सांगायची गरज उरली नव्हती. कुलकर्णींनी कला शिकवली नाही, ती तिथे होतीच. त्यांनी कागद वेळेवर पोहोचवला.

झाईत कॅमेरा आहेच

आज कागद प्रत्येकाच्या खिशात आहे. झाई-बोरीगावपासून उधव्यापर्यंत मोबाइल नाही असं घर सापडणं कठीण. वारलीतली गाणी, लग्नातला नाच, तारप्याच्या चाली मुलं चित्रित करतात, स्वतःच संकलित करतात. चित्र ठीक येतं. अडतं ते आवाजापाशी. किनाऱ्यावर उभं राहून आजीची मुलाखत घ्या: मोबाइलच्या माइकवर वारा घोंगावतो, मागून लाट येते, ट्रॅक्टर जातो, आणि आजीचे नेमके शब्द बुडतात. कपड्याला लावायचा माइक आणि त्यावर वारा अडवणारी फरची टोपी एवढ्यानेही फरक पडतो. शांत वेळ निवडावी, बोलून झाल्यावर त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर वेगळा घेऊन ठेवावा, म्हणजे संकलनात सांधे बुजतात. ‘साबर बोंडं’मध्ये संगीत नसताना गाव जिवंत वाटतं ते आवाजाच्या अशाच काळजीमुळे. हे शिकवायला दोन दिवस पुरतात. शिकवणारा मात्र इथवर यायला हवा.

इथली मुलं मुंबईला जाऊ शकत नाहीत असं नाही. २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत लोकल आहे. पण अंधेरीत जाऊन दुसऱ्याच्या सेटवर चहा पोहोचवत पाच वर्षं काढायची, मग कधीतरी स्वतःची गोष्ट, ही वाट प्रत्येकासाठी नाही आणि तिच्यात स्वतःची गोष्ट विसरून जायचा धोका मोठा. कानवडे, मंजुळे, ताम्हाणे या तिघांचंही बळ त्यांना आतून ठाऊक असलेल्या जगात होतं. झाईच्या मुलीचं बळ झाईतच आहे: तिच्या बोलीत, किनाऱ्यावरच्या लिलावात, बोटीवर गेलेल्या भावाच्या फोनमध्ये.

शिक्षण दारापर्यंत नेणं या परिसराला नवं नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसलं तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला मुलं गुरं चारायला जातात म्हणून कुरणात शाळा भरवली. मुलांना दोष दिला नाही, त्यांच्या दिवसाप्रमाणे शाळेचा दिवस बदलला. आज देशभर अंगणवाडी आहे, तिचं बीज या परिसरात पडलं.

चित्रपटासाठी तसंच करता येईल, आणि त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. पुण्याची एफटीआयआय गेली काही वर्षं ठिकठिकाणी छोटे अभ्यासक्रम घेते. असा एखादा वर्ग तलासरीत किंवा बोर्डीत, मासेमारी बंद असते त्या पावसाळ्यात भरवता येईल. चार माइक, एक संगणक आणि एखाद्या शाळेचं सभागृह पुरे. दरवर्षी दोन-तीन संहिता निवडून, लिहिणाऱ्याला वर्षभर दरमहा काही पैसे द्यावेत. चित्रपट झाल्यावर नव्हे, होण्याआधी. मग जे होईल ते आधी झाईत दाखवावं आणि नंतर जगात न्यावं. या तालुक्यांतून दरवर्षी कोट्यवधींची मासळी, चिकू आणि वीज बाहेर जाते. त्यातला कणभर वाटा इथल्या मुलांच्या गोष्टींसाठी राखणं कारखानदारांना, बागायतदारांना, मच्छीमार सोसायट्यांना, जिल्हा परिषदेला अवघड नाही.

यातले सगळेच दिग्दर्शक होणार नाहीत. दहांतले नऊ एखादा लघुपट करून मासेमारीला, नोकरीला, शेतीला लागतील आणि त्यात काही वाईट नाही. त्यांनी आपल्या माणसांकडे एकदा नीट पाहिलेलं असेल. दहावा किंवा दहावी मात्र थांबणार नाही. तिच्या पहिल्या चित्रपटाआधीची वर्षं एकटीने काढायची की आपल्या आधाराने, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते आपण आत्ताच ठरवायला हवं.